मध्यरात्रीनंतर तारे फुगतात आणि धुरकटतात : किनाऱ्यावरच्या दुर्बिणीत पाणी नेमकं कुठे बसतं?

डिसेंबर उजाडला की दुर्बिणीला कॅमेरा लावून ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांकडून मला एक ठरावीक फोन यायला लागतो. "नऊला सुरू केलं तेव्हा तारे टाचणीच्या टोकासारखे होते. साडेअकरानंतरच्या सगळ्या फ्रेम ताकात बुडवून काढल्यासारख्या. कॅमेरा गेला का हो?"

कॅमेरा सहसा गेलेला नसतो. देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेली आठ वर्षं मी हाच एक बिघाड पुन्हा पुन्हा काढतोय, कधी माझ्या दुर्बिणीतला, कधी रत्नागिरीहून नाहीतर वेंगुर्ल्याहून आलेल्या कोणाच्या. बहुतेक वेळा काचेवर पाणी असतं. शोधायचं असतं ते कुठल्या काचेवर. पुढच्या भिंगावर, न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) असेल तर पुढच्या छोट्या दुय्यम आरशावर, कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरच्या छोट्या काचेच्या खिडकीवर, की सेन्सरच्या बंद कप्प्याच्या आत? चारही जागांचा इलाज वेगळा आहे. पहिल्या जागेला दोनशे रुपये पुरतात, चौथ्या जागेसाठी कॅमेरा दुरुस्तीला पाठवावा लागतो. म्हणून खालच्या क्रमानेच जा.

लक्षणं

यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा, कारण "फोटो खराब येतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

ठळक ताऱ्यांभोवती गोल, मऊ तेजोवलय येतं आणि ते तासागणिक वाढत जातं, मंद तारे एकेक करून नाहीसे होतात : पुढची काच.

वलय फारसं नाही, पण सगळंच चित्र हळूहळू मंद होत जातं, आणि दुर्बीण न्यूटोनियन आहे : दुय्यम आरसा.

चित्राच्या मधोमध, किंवा एकाच ठरावीक जागी, काळपट किंवा धुरकट डाग आहे, दुर्बीण कुठेही वळवली तरी तो जागचा हलत नाही : सेन्सरची खिडकी.

डागाला बर्फाच्या फुलासारख्या, सुयांसारख्या कडा दिसतात आणि सेन्सर थंड करणारं कूलिंग सुरू केल्यावर थोड्या वेळाने तो उगवतो : कप्प्याच्या आतली ओल.

तारे मोठे झालेत पण कडा स्वच्छ आहेत, वलय नाही, मागचं आकाश काळंभोर आहे : हे पाणी नव्हे, फोकस सरकलाय.

आणि नीट गोल, मेदूवड्यासारखी कडी दिसत असतील तर ती धूळ. तिचा या लेखाशी संबंध नाही, फ्लॅट (एकसारख्या उजेडाकडे बघून घेतलेल्या फ्रेम) नीट घेतले की ती जाते.

घरबसल्या, फुकटात : पहिली वाईट फ्रेम शोधा

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन बसा आणि रात्रीच्या सगळ्या फ्रेम क्रमाने पळवा. सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फ्रेम रजिस्टर केल्या (एकमेकींवर जुळवल्या) की प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची रुंदी आणि त्यांची संख्या आलेखावर दिसते. माझं निम्मं निदान याच आलेखावर होतं.

ताऱ्यांच्या रुंदीची रेघ साडेदहापासून हळूहळू चढत गेली आणि परत खाली आलीच नाही, तर ते दंव. मध्येच उसळली आणि वीस मिनिटांनी जागेवर आली, तर ढगाचा पापुद्रा गेला. पायरीसारखी एकदम चढली, तर फोकसर सरकला किंवा कोणाचा तरी पाय तिकाटण्याला लागला. सुरुवातीपासूनच वर होती, तर मध्यरात्रीचा काही संबंध नाही, काच आधीपासूनच मळलेली आहे. आणि रेघ सपाट असताना डाग मात्र दिसतोय, तर थेट कॅमेऱ्याच्या भागाकडे जा.

पहिल्या वाईट फ्रेमची वेळ वहीत लिहून ठेवा. ती पुढे तीन ठिकाणी लागणार आहे.

इथे माझी फजिती सांगायला हवी. पहिल्या वर्षी मी कृत्तिका टिपल्या. रात्री बाराच्या फ्रेममध्ये सातही ताऱ्यांभोवती निळसर धूसरपणा बघून मी अंगणातच नाचलो. कृत्तिकांभोवती परावर्तन तेजोमेघ (ताऱ्यांचा उजेड परतवणारा धुळीचा ढग) आहे हे वाचलेलं होतं, तो आपल्याला पहिल्याच झटक्यात मिळाला असं वाटलं. सकाळी मोठ्या पडद्यावर बघतो तर कोपऱ्यातल्या एका उपऱ्या ताऱ्यालाही तसाच "तेजोमेघ". खरा तेजोमेघ असमान असतो, त्याच्यात कुंचल्याने ओढल्यासारखे पट्टे असतात, आणि मेरोपी या ताऱ्याजवळ तो सगळ्यात ठळक असतो. दंवाचं वलय मात्र गोल असतं, आणि ताऱ्याच्या तेजाच्या प्रमाणात सगळ्यांना सारखं वाटलेलं. तेव्हापासून कुठलाही धूसरपणा दिसला की मी आधी चित्रातल्या अगदी असंबद्ध ताऱ्याकडे बघतो.

टॉर्च

पुढच्या वेळी वाईट फ्रेम यायला लागली की कॅप्चर थांबवा, लाल टॉर्च घ्या आणि पुढच्या काचेवर अगदी तिरका प्रकाश टाका. समोरून टाकलात तर काहीच दिसणार नाही, तिरका टाकला की दंवाचा पातळ थरही राखेसारखा उठून दिसतो. काचेसमोर तोंड नेऊन श्वास सोडू नका, नाहीतर तुम्हीच आणलेलं दंव तुम्हीच बघाल.

दिसलं तर पुसू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो आणि तरी गमछ्याने पुसलेली लेन्स माझ्याकडे येतेच. आपल्या किनाऱ्यावरच्या दंवात मीठ असतं, मिठाबरोबर जांभ्याची बारीक लाल धूळ असते. ओल्या काचेवर कापड फिरवलं की कोटिंगवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं.

काच कोरडी दिसली तर तोही निकालच आहे. मग पाणी आत कुठेतरी आहे किंवा पाण्याचा प्रश्नच नाही.

आकाशाला विचारा

मुख्य दुर्बिणीतले तारे मंदावले तेव्हा गायडिंगच्या (दुर्बीण ताऱ्यावर नेमकी धरून ठेवणाऱ्या, वेगळ्या छोट्या दुर्बिणीवरच्या) कॅमेऱ्यातला तारा काय करत होता? त्याची लॉग फाइल असते, ती उघडा. दोन्ही एकाच मिनिटाला मंदावले तर दोष बहुधा आकाशाचा. दोन काचांवर दंव एकाच मिनिटाला बसत नाही. मुख्य मंदावली आणि गायडर ठणठणीत राहिला तर दोष मुख्य काचेचा.

उंचीही बघा. देवगडहून ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ जास्तीत जास्त २६ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने सव्वादोन पट हवेतून आपण त्याला बघतो. ईटा कॅरिनीचा तेजोमेघ तर १४ अंशांवरच रेंगाळतो, तिथे चौपट हवा, आणि तीही समुद्रावरची खारट. तिथले तारे फुगणारच, त्यासाठी काच गरम ठेवणारा हीटरचा पट्टा विकत घेऊ नका. मृगातला तेजोमेघ ६८ अंशांपर्यंत जातो. तो धुरकट दिसला तर मात्र कारण शोधायलाच हवं. पश्चिमेकडे बोटींच्या दिव्यांचा उजेड क्षितिजावर चढतो तो वेगळा, त्याने पार्श्वभूमी एका बाजूला उजळते, ताऱ्यांना वलय येत नाही.

फोकस

बाहतिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची, फोकस तपासायची जाळी) लावा आणि ठळक ताऱ्यावर तपासा. अर्ध्या मीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी पाच अंशांनी निवली की साधारण ०.०६ मिलिमीटर आखडते. एफ/६ दुर्बिणीत (जिची फोकसची लांबी काचेच्या व्यासाच्या सहापट) फोकसची एकूण सूट जेमतेम ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे संध्याकाळी फोकस नेमका मधोमध नव्हता तर मध्यरात्रीपर्यंत तो सुटलेला असतो. घाटावर तापमान झपकन उतरतं तसं आपल्याकडे उतरत नाही, त्यामुळे इथे फोकसपेक्षा दंवाचाच संशय जास्त. पण फोकस तपासायला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य, म्हणून आधी तो. फोकस परत साधूनही वलय राहिलं तर पुढे चला.

पुढच्या काचेला पडवी

अंगणात उभ्या बाइकची सीट सकाळी निथळत असते, आणि पडवीत दोन हात आत लावलेल्या बाइकची सीट कोरडी. हवा तीच, रात्र तीच. फरक एवढाच की अंगणातली सीट रात्रभर मोकळ्या आकाशाकडे बघत आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. दुर्बिणीची काच तर मुद्दाम आकाशाकडेच तोंड करून बसवलेली. हवा २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू १९.४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे काच अडीच अंशांनी निवली की ओली. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की पावणेदोन अंशही पुरतात. संध्याकाळी हवामान बघताना तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर बघा, नुसत्या आर्द्रतेच्या आकड्यावर जाऊ नका.

ड्यू शील्ड ही काचेची पडवी. तिची लांबी काचेच्या व्यासाच्या दीड ते दोन पट हवी, म्हणजे ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२ ते १६ सेंटिमीटर. अपवर्तकी, म्हणजे भिंगांच्या, दुर्बिणीबरोबर येणारी सरकती नळी पुष्कळदा यापेक्षा आखूड असते. जुनी योगा मॅट कापून गुंडाळा, आतून काळा कागद, बाहेरून वेलक्रो. खर्च दोन-तीनशे रुपये. श्मिट-कॅसेग्रेन असेल तर ही पडवी सक्तीची, कारण तिची पुढची पातळ काच नळीच्या अगदी तोंडाशी उघडी बसलेली असते. न्यूटोनियनचा मुख्य आरसा मात्र नळीच्या तळाशी असल्यामुळे आयताच पडवीत राहतो.

जागाही बदलून बघा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो तोवर काच हवेच्या तापमानाला धरून राहते. वारा पडला की दंव धरतं. माझ्या वहीतल्या पहिल्या वाईट फ्रेमच्या वेळा आणि वारा पडण्याच्या वेळा इतक्या जवळजवळ आहेत की आता झावळ्यांची सळसळ थांबली की मी आपोआप टॉर्च उचलतो. खोलगट परड्यात, ओल्या गवतावर दुर्बीण मांडू नका. वर सड्यावर या, आणि तिकाटणं शक्य तितकं उंच ठेवा. आमच्या शेजारचे आंबा बागायतदार काका मोहोरावर दंव कुठे जास्त बसतं ते कलमागणिक सांगतात. माझी आत्ताची जागा त्यांनीच दाखवली.

शील्ड लावल्यावर पहिली वाईट फ्रेम किती वाजता आली ते परत लिहा. साडेअकराची दीड झाली तर दिशा बरोबर आहे, आता फक्त थोडी उष्णता कमी पडतेय.

हीटर आहे, तरी दंव बसतं

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिच्यातच खरी गंमत आहे.

पहिलं, पट्टा कुठे बांधलाय? भिंगाच्या कड्याला लागून हवा, नळीच्या मधोमध नव्हे. शील्डवरून बांधला तर तुम्ही मॅट गरम करताय. दुसरं, कधी सुरू केला? दंव बसायच्या आधी सुरू करा. बसलेलं पाणी वाळवायला जी उष्णता लागते ती बसू न देण्याच्या कितीतरी पट. तिसरं, पूर्ण ताकदीने लावू नका. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहिली की झालं. जास्त तापवली तर काचेसमोर हवेचे लोट उठतात आणि तारे त्यानेच फुगतात. मग माणूस पुन्हा दंव समजून हीटर वाढवतो.

हे तिन्ही ठीक असूनही मध्यरात्रीनंतर काच ओली होत असेल तर मल्टिमीटर घ्या आणि हीटर चालू असताना, त्याच्याच पिनवर व्होल्टेज मोजा. चालू असताना हे महत्त्वाचं. काहीच न जोडलेल्या बॅटरीवर मोजलेला आकडा गोड बोलून फसवतो. २० ओहमचा पट्टा १२ व्होल्टवर ७.२ वॅट देतो, १०.५ व्होल्टवर साडेपाच. व्होल्टेज आठव्या हिश्शाने उतरलं तर उष्णता जवळपास चौथ्या हिश्शाने उतरते, कारण ती वर्गाच्या पटीत चालते. आणि व्होल्टेज उतरतं कधी? मध्यरात्रीनंतर, म्हणजे नेमकं दंवाच्या भरात. म्हणून "संध्याकाळी हीटर चालतो, रात्री चालत नाही" असं वाटतं. हीटर रात्रभर चालूच असतो, बिचारा उपाशी असतो.

बॅटरीचा हिशोब कागदावर मांडा. माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) एक अ‍ॅम्पिअर, कॅमेऱ्याचं कूलिंग दोन, हीटर आणि बाकी किडुकमिडुक एक : चार झाले. यूपीएसमधली ७ अ‍ॅम्पिअर-तासाची शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये असं धरलं तर तासही भरत नाही. एवढ्या रात्रीसाठी मोठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत बऱ्यापैकी सपाट राहतं. ते जमत नसेल तर निदान हीटरसाठी वेगळी बॅटरी ठेवा.

बॅटरी भरलेली असूनही पिनवर आकडा कमी असेल तर पिन बघा. किनाऱ्यावर पितळी पिना एका मोसमात हिरव्या पडतात. तो हिरवा थर म्हणजे अडथळा. बारीक पॉलिश पेपर, मग कॉन्टॅक्ट क्लीनर. माझ्याकडे आलेल्या "मेलेल्या" हीटरांपैकी बरेचसे एवढ्यावर जिवंत झाले.

न्यूटोनियनवाल्यांनी दुय्यम आरशाच्या पाठीला छोटा हीटर चिकटवावा आणि त्याची तार आरसा धरणाऱ्या पात्याच्या आडोशाने आणावी. नाहीतर तारेचीच सावली ताऱ्यांवर पडते.

घरातला केस वाळवायचा ड्रायर आणून काच वाळवणं हा जुना उपाय आहे आणि मीही केलाय. आता करत नाही. दंवाने ओलं झालेलं खळं, जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, २३० व्होल्ट आणि अनवाणी माणूस. अंगणातल्या प्लगला गळती-प्रवाह तोडणारं आरसीसीबी नसेल तर ते बसेपर्यंत घरची वीज दुर्बिणीजवळ आणू नका. ते वायरमनकडूनच बसवून घ्या, स्वतः करायच्या कामांत हे येत नाही.

काच कोरडी, डाग मात्र आहे

आता कॅमेरा. परीक्षा सोपी आहे. कूलर बंद करा, सेन्सर हळूहळू हवेच्या तापमानावर येऊ द्या, वीस मिनिटं थांबा आणि त्याच जागी परत फ्रेम घ्या. डाग गेला तर ओल खिडकीवर किंवा कप्प्यात होती. राहिला तर धूळ किंवा मीठ. आकाश नसलं तरी चालतं : दुर्बिणीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर आणि मोबाइलचा पांढरा पडदा धरून फ्लॅटसारखी फ्रेम घेतली की डाग स्पष्ट दिसतो.

खिडकीच्या बाहेरच्या बाजूला धुकं धरत असेल तर दोन गोष्टी करा. बऱ्याच कूल्ड कॅमेऱ्यांत खिडकीचा स्वतंत्र हीटर असतो, निनासारख्या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण असतं, आणि ते बंद असल्याचं लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. ते लावा. दुसरं, उणे १० चा हट्ट सोडा. सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही साचणारा खोटा सिग्नल) दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो हे खरं. पण आजकालच्या सेन्सरमध्ये ० अंशालाच तो इतका कमी असतो की आपल्या आकाशाच्या उजेडापुढे तो जाणवत नाही. २४ अंशांच्या हवेत उणे १० म्हणजे ३४ अंशांचा फरक. कूलर शंभर टक्क्यांवर धापा टाकतो, बॅटरी खातो, आणि खिडकी आणखी थंड करतो. मी डिसेंबरात ० आणि एप्रिलात ५ वर चालवतो, आणि त्या-त्या तापमानाचे डार्क (टोपण लावून घेतलेल्या फ्रेम) वेगळे काढून ठेवतो. तापमान, एक्स्पोजर आणि गेन तिन्ही जुळल्याशिवाय डार्क लावण्यात अर्थ नाही.

सुयांसारख्या कडांचा डाग कप्प्याच्या आतला असतो. कप्प्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या असतात, त्या आपल्या हवेत लवकर भरतात. कॅमेऱ्याला बाहेरून उघडणारं झाकण दिलेलं असेल आणि पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच त्या काढा. भट्टीत १२० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून किंवा सरळ नव्या आणून बदला. रंग बदलणाऱ्या असतील तर निळ्या ओलीने गुलाबी होतात, नारिंगी हिरवट होतात. हे काम कोरड्या दुपारी, शक्यतो एसीच्या खोलीत करा. एका दुरुस्तीवाल्याने माझा कॅमेरा भर जुलैत उघडून बंद केला होता. गोळ्या नव्या, पण आत कोंडलेली हवा आषाढातली. दिवाळीपर्यंत बर्फाचं फूल परत हजर.

जेल बदलून महिन्याभरात डाग परत आला तर सील गेलंय. इथे हात थांबवा.

सुरुवातीपासूनच वलय : मीठ

आलेखाची रेघ संध्याकाळपासूनच वर असेल तर काच मळलेली आहे. दंव वाळतं, मीठ मागे राहतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल ओढून स्वतःच विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं तसंच. म्हणजे मळलेली काच दवबिंदूपर्यंत निवायची वाटच बघत नाही, आधीच धुरकटते. शील्ड आहे, हीटर आहे, तरी फरक नाही असं असेल तर कारण हेच.

आधी रबरी फुंकणीने धूळ उडवा. मग डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेला लेन्स टिश्यू काचेवर नुसता पडू द्या, मीठ सुटू द्या, आणि स्वतःच्या वजनाने ओढून घ्या. प्रत्येक ओढीला नवा तुकडा. पाणी कडेच्या फटीत जाईल इतकं नको. विहिरीचं पाणी नको, आरओचंही नको. न्यूटोनियनचा मुख्य आरसा काढून डिस्टिल्ड वॉटरच्या धारेखाली धुता येतो, पण नंतर कॉलिमेशन (आरशांची एका रेषेत जुळवणी) परत करावं लागतं. ते येत नसेल तर काढू नका. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. रोज पुसणाऱ्याची काच लवकर मरते.

खराब रात्रीचं प्रोसेसिंग

वलयवाल्या फ्रेम टाकून द्या. जीव तुटतो, मान्य. पण १०० ऐवजी ६० चांगल्या फ्रेम घेतल्या तर चित्राची गुणवत्ता निम्म्यावर येत नाही. वर्गमुळाच्या हिशोबाने ती साधारण २२-२३ टक्के घटते. उलट त्या ४० दंवाच्या फ्रेम आत घेतल्या तर वलयं स्टॅकमध्ये (फ्रेम एकत्र करून झालेल्या चित्रात) पक्की बसतात, आणि स्ट्रेच केल्यावर, म्हणजे मंद भाग उजळवल्यावर, तीच आधी वर येतात. "बेस्ट ८० टक्के" असली सरसकट चाळणीही इथे कामाची नाही, कारण निम्मी रात्र गेली असेल तर त्या ८० टक्क्यांतही दंव उरतं. आलेखावर रेघ जिथे चढायला लागली तिथे कापा. वलय पुसण्याची साधनं आहेत, पण त्यांच्याबरोबर खरा तेजोमेघही पुसला जातो, कृत्तिकांच्या बाबतीत तर हमखास.

फ्लॅट मात्र तपासा. सकाळी ओल्या काचेतून घेतलेले फ्लॅट संध्याकाळच्या कोरड्या फ्रेमना लावू नका. फ्लॅट घेताना खिडकीवर धुकं असेल तर स्टॅकमध्ये मधोमध उजळ ठिपका उमटतो आणि माणूस तो प्रोसेसिंगमध्ये शोधत बसतो.

आवरताना

ओल्या काचेवर टोपण लावायचं नाही. दुर्बीण आत आणा, तोंड थोडं खाली करून पंख्याखाली तास-दोन तास वाळू द्या, मग टोपण. बंद टोपणाखालची ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात रबरी सीलचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणारे अजून भेटतात. तांदळाची पीठी फोकसरच्या दात्यांतून काढायला मला एकदा अख्खा रविवार लागला होता. आणि एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट अंगणात आणली तर ती दारातच घामेजते, तेव्हा पेटीतच तासभर ओटीवर ठेवा.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

दोन भिंगांच्या मधल्या फटीत धुकं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसतेय : तिहेरी भिंगाचं कडं उघडू नका. भिंगांचं एकमेकांतलं अंतर आणि फिरवलेला कोन कारखान्यात जुळवलेला असतो, तो घरी परत जुळत नाही. बुरशी जितकी जुनी तितकी ती कोटिंग खाते, म्हणून पावसाळा संपायची वाट बघू नका.

कूलर शंभर टक्क्यांवर आहे आणि सेन्सर हवेपेक्षा दहा अंशही खाली जात नाही. आधी पिनवर व्होल्टेज मोजा, कॅमेऱ्याचा पंखा फिरतोय का ऐका. दोन्ही ठीक असतील तर पेल्टियर (सेन्सर थंड करणारा भाग) गेलाय. वॉरंटीत असेल तर एक स्क्रूही सैल करू नका.

जेल बदलूनही परत येणारा बर्फाचा डाग. कॅमेऱ्याच्या यूएसबी तोंडाशी हिरवा-पांढरा थर. आरशाच्या कोटिंगला पडलेली बारीक भोकं, ज्यातून मागचा उजेड दिसतो : तिथे धुऊन काही होत नाही, आरशाला परत मुलामा द्यावा लागतो.

देताना कॅमेऱ्याबरोबर चार गोष्टी द्या : एक चांगली फ्रेम, पहिली वाईट फ्रेम तिच्या वेळेसकट, कूलर चालू आणि बंद असतानाचे फ्लॅट, आणि पिनवर मोजलेलं व्होल्टेज. नुसतं "धुरकट येतं" सांगून दिलेला कॅमेरा तिथल्या कोरड्या, एसीच्या टेबलावर अगदी ठणठणीत चालतो आणि "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत येतो.